कोकणातल्या दमट हवेत सफरचंदाचा केक आणि कॅरामल: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

सफरचंदाचा केक हा थंड मुलखातला पदार्थ आहे. सफरचंद जिथे परसात पिकते, लोणी ओट्यावर ठेवले तरी घट्ट राहते आणि साखरेचा पाक कोरड्या हवेत कडक होऊन बसतो, अशा ठिकाणी त्याच्या पाककृती तयार झाल्या. त्याच पाककृती जशाच्या तशा मालवण, रत्नागिरी किंवा श्रीवर्धनच्या स्वयंपाकघरात आणल्या की लोणी फेटता फेटता वितळते, केक मध्यभागी ओला राहतो आणि वर ओतलेले कॅरामल संध्याकाळपर्यंत ओघळून ताटलीत उतरते. पहिल्यांदा करणाऱ्याला वाटते की आपला हात बसलेला नाही. खरे तर बहुतेक वेळा दोष ओलाव्याचा असतो. हा ओलावा काही फळातून येतो, काही हवेतून. तो आवरण्याची सोय कृतीतच करून ठेवली, तर हा केक अगदी नवख्या माणसालाही जमण्यासारखा आहे. पुढची कृती त्याच हिशेबाने लिहिली आहे: लोण्याऐवजी तेल, फळ आधी परतलेले, आणि कॅरामल कडक न ठेवता क्रीम घालून मऊ केलेले.

सफरचंदाची निवड

कोकणात सफरचंद पिकत नाही; हिमाचल आणि काश्मीरचा माल वाशी किंवा कोल्हापूरच्या घाऊक बाजारांतून आपल्याकडे उतरतो. पावसाळा अर्धा सरला की हिमाचलचे फळ दिसू लागते, पाठोपाठ काश्मीरचे येते, त्यामुळे गणपती ते दिवाळी या काळात ते ताजे मिळते. उन्हाळ्यात मिळणारे भारतीय सफरचंद बहुधा शीतगृहातून आलेले असते. ते दिसायला लालबुंद असले तरी आतून पिठूळ निघण्याची शक्यता असते, आणि असे फळ केकमध्ये शिजून लगदा होते. विकत घेताना देठाजवळ अंगठ्याने हलके दाबून पाहावे. जराही दबले तर ते खाण्यासाठी ठीक, केकसाठी नाही.

गाडीवर सर्वांत जास्त दिसणारे गडद लाल, खालच्या टोकाला पाच उंचवटे असलेले फळ म्हणजे डेलिशस. सॅम्युअल स्टोक्स या मूळच्या अमेरिकी गृहस्थांनी १९१६ च्या सुमारास शिमला जिल्ह्यातल्या कोटगडला त्याची लागवड सुरू केली आणि पुढे हिमाचलच्या बागांत तेच पसरले. हे फळ गोड असते, पण त्याला आंबटपणा बेताचाच असतो आणि उष्णतेत ते लवकर मऊ पडते. ग्रॅनी स्मिथ हे हिरवे, आंबट सफरचंद भाजल्यावरही आकार धरून राहते आणि कॅरामलच्या गोडीला त्याच्या आंबटपणाची जोड मिळते. मात्र ते बरेचदा परदेशातून आलेले आणि महाग असते. एक हिरवे आणि एक लाल असे निम्मे-निम्मे घेणे मला सर्वांत सोयीचे वाटते. हिरवे मिळालेच नाही तर दोन्ही लाल घ्यावीत आणि लिंबाचा रस थोडा वाढवावा.

साहित्य

खालचे प्रमाण आठ इंची, म्हणजे वीस सेंटीमीटर व्यासाच्या गोल केकच्या भांड्यासाठी आहे. शक्यतो वजनकाटा वापरावा, कारण घरोघरी वाटीचे माप वेगळे असते आणि मैदा दाबून भरला की सैल भरला यावरही बराच फरक पडतो. चमचे मात्र मापाचे, म्हणजे मोठा १५ मिलिलिटरचा आणि छोटा ५ मिलिलिटरचा धरले आहेत.

केकसाठी मैदा २०० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, बिनवासाचे रिफाइंड तेल १२० मिलिलिटर, अंडी दोन, घट्ट दही ६० ग्रॅम, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, खाण्याचा सोडा पाव छोटा चमचा, मीठ पाव छोटा चमचा, दालचिनीची पूड एक छोटा चमचा, ताजे किसलेले जायफळ चिमूटभर, आणि सोलून, बिया काढून २५० ग्रॅम भरतील इतकी सफरचंदे, म्हणजे साधारण दोन मोठी. फळ परतण्यासाठी एक छोटा चमचा बटर आणि दोन छोटे चमचे लिंबाचा रस लागेल. कॅरामलसाठी साखर १५० ग्रॅम, पाणी तीन मोठे चमचे, लिंबाचा रस चार-पाच थेंब, बटर ५० ग्रॅम आणि फ्रेश क्रीम १२० मिलिलिटर. वरून घालायला काजू ५० ग्रॅम.

तेलाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. लोणी आणि साखर एकत्र फेटून त्यात हवा कोंडण्याची पद्धत लोणी मऊ पण गार असतानाच साधते, आणि एप्रिल-मे महिन्यात आपल्या स्वयंपाकघरात ते पाच मिनिटेही तसे राहत नाही. तेलाच्या केकला ही अडचण नाही. शिवाय दमट हवेत हा केक दुसऱ्या दिवसापासून फ्रिजमध्ये ठेवावा लागतो. तिथे लोण्याचा केक घट्ट होतो, तेलाचा मऊ राहतो. घरात घाण्याचे खोबरेल तेल असले तरी ते इथे वापरू नये: त्याचा वास सफरचंदाला झाकून टाकतो आणि साधारण २४ अंशांच्या खाली ते गोठत असल्याने गार केक कडक लागतो. शेंगदाण्याचे घाण्याचे तेलही वासामुळेच नको.

मसाल्यांच्या बाबतीत मात्र कोकणाला बाहेर पाहावे लागत नाही. नारळ-सुपारीच्या बागांत आंतरपीक म्हणून जायफळ आणि दालचिनी दोन्ही घेतली जातात, आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने दालचिनीचा ‘कोकण तेज’ हा वाणही दिला आहे. बाजारात मिळणारी जाड, कडक साल पुष्कळदा खऱ्या दालचिनीची नसते. तिचा स्वाद उग्र असतो. बोटांनी सहज मोडणारी, पातळ पापुद्र्यांची साल मिळाली तर ती घेऊन घरी कुटावी. जायफळ आयत्या वेळी किसावे आणि हात आखडूनच घालावे.

ज्यांना अंडी चालत नाहीत त्यांनी दही ६० ऐवजी १८० ग्रॅम घ्यावे, सोडा अर्धा छोटा चमचा करावा आणि बेकिंग पावडर एक छोटा चमचा ठेवावी. हा केक थोडा कमी फुगतो आणि जरा दाट होतो, पण चवीला कमी नसतो. दही पातळ असेल तर अर्धा तास फडक्यात टांगून त्याचे पाणी काढावे.

पूर्वतयारी

पावसाळ्यात अर्धवट वापरलेला बेकिंग पावडरचा डबा हवेतला ओलावा ओढून निकामी होतो आणि ते वरून पाहून कळत नाही. म्हणून आधी अर्धा चमचा पावडर गरम पाण्यात टाकून पाहावी. ती लगेच खळखळून फेसाळली पाहिजे. नुसतेच चार बुडबुडे आले तर नवा डबा आणावा. मैदा, बेकिंग पावडर, सोडा, मीठ आणि मसाले एकत्र करून दोनदा चाळावेत. चाळल्याने सोडा सगळीकडे सारखा पसरतो, दमट मैद्याच्या गुठळ्या मोडतात, आणि पोरकिडे असतील तर तेही वेळीच दिसतात. अंडी आणि दही फ्रिजमधून अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवावे. भांड्याला तेलाचा हात लावून तळाशी बटर पेपर कापून घालावा.

आता फळ. सफरचंदात सुमारे ८५ टक्के पाणी असते. ते किसून घातले तर हे पाणी मिश्रणात सुटते आणि केक कितीही वेळ भाजला तरी तळाशी ओलसर, चिकट थर राहतो. म्हणून फळ किसू नये. सोलून त्याच्या एक सेंटीमीटरच्या फोडी कराव्यात. पसरट कढईत बटर गरम करून त्यात फोडी आणि लिंबाचा रस घालावा आणि मध्यम आचेवर झाकण न ठेवता चार-पाच मिनिटे परतावे. सुरुवातीला कढईच्या तळाशी रस जमा होताना दिसतो. तो आटला, फोडींच्या कडा किंचित पारदर्शक झाल्या आणि मध्ये त्या अजून टणक असल्या की गॅस बंद करावा. साखर या वेळी अजिबात घालू नये, कारण साखर फळातले पाणी आणखी बाहेर ओढते. फोडी ताटात पसरून पूर्ण गार कराव्यात आणि मगच केकमध्ये घालाव्यात.

मिश्रण आणि भाजणी

ओव्हन, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक घरांतला ओटीजी, वरची आणि खालची अशा दोन्ही कॉइल चालू ठेवून १७० अंशांवर पंधरा मिनिटे तापवावा. तोवर मोठ्या भांड्यात अंडी आणि साखर हातफेटणीने दोन-तीन मिनिटे, रंग फिकट होऊन वर फेस येईपर्यंत फेटावी. मग तेल बारीक धारेने ओतत फेटत राहावे, दही मिसळावे, आणि शेवटी मैद्याचे मिश्रण दोन भागांत घालून उलथन्यासारख्या सपाट चमच्याने खालून वर असे हलक्या हाताने एकत्र करावे. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबावे. त्यानंतर घोटत राहिले तर केक चिवट होतो. गार झालेल्या फोडींवर एक छोटा चमचा मैदा भुरभुरून त्या शेवटी मिसळाव्यात. हे मिश्रण दाटच असते, चमच्यातून गोळ्याने पडते. ते पाहून दूध घालण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा, कारण भाजताना फळाचे उरलेले पाणी त्यात उतरणारच असते.

भांडे मधल्या जाळीवर ठेवावे आणि पहिली पस्तीस मिनिटे दार उघडू नये. केक साधारण ४५ ते ५५ मिनिटांत होतो. तपासायला नवीन, स्वच्छ धुतलेली नारळाची हीर टूथपिकपेक्षा बरी, कारण ती तळापर्यंत पोचते. ती एकाच जागी टोचून निर्णय घेऊ नये: फोडीतून गेली तर ओली निघते आणि केक कच्चा असल्याचा भास होतो. दोन-तीन ठिकाणी टोचावी. हिरेला फेसाळ मिश्रण चिकटले तर केक कच्चा आहे, नुसती ओल किंवा एखादा कण लागला तर तो झाला आहे. कडा भांड्यापासून किंचित सुटलेल्या असतात आणि मध्यभागी बोटाने दाबले तर खड्डा भरून येतो. वरचा भाग आधीच गडद होत असेल तर पस्तीस मिनिटांनंतर वर फॉइल सैल ठेवावी.

वादळी पावसात फांदी तारांवर पडून वीज जाणे ही कोकणात नेहमीची गोष्ट आहे, आणि ओटीजी घरगुती इन्व्हर्टरवर चालवण्याचा प्रयत्न करू नये. वीज गेली तरी दार बंदच ठेवावे. तापलेला ओव्हन बराच वेळ उष्णता धरून ठेवतो आणि दहा-पंधरा मिनिटांत वीज आली तर केक बहुधा सावरतो. तेवढ्यात आली नाही तर भांडे हलक्या हाताने गॅसवरच्या तापवलेल्या पातेल्यात हलवावे.

ओव्हन नसला तरी हा केक होतो. धोंडस आणि तवसोळी हे काकडीचे पारंपरिक केक वर-खाली निखारे ठेवून भाजणाऱ्या घरांना हे वेगळे सांगायला नको. जाड बुडाच्या, खोल पातेल्यात दोन वाट्या मीठ किंवा धुऊन वाळवलेली वाळू पसरावी, त्यावर तिवई ठेवावी, जड झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावे, मग केकचे भांडे आत ठेवून आच मंद करावी. साधारण ६० ते ७० मिनिटे लागतात. प्रेशर कुकर या कामाला वापरायचा असेल तर शिट्टी आणि रबरी रिंग काढलीच पाहिजे. पण पाण्याविना तापवून कुकर खराब होतो, म्हणून मी पातेलेच सुचवेन. या पद्धतीत झाकणाला वाफ धरते आणि तिचे थेंब केकवर पडतात. ते टाळायला झाकणाला आतून सुती फडके बांधावे आणि त्याची टोके वर घेऊन गाठ मारावी, म्हणजे ती ज्योतीपर्यंत पोचणार नाहीत. वरचा भाग फिकटच राहतो, पण तो कॅरामलखाली झाकला जातो, तेव्हा त्याची चिंता करू नये.

भाजलेला केक भांड्यातच पंधरा मिनिटे ठेवावा, मग जाळीवर काढून पूर्ण गार करावा. मुंग्यांचा विचार आधीच करावा: परातीत बोटभर पाणी घालून त्यात उलटी वाटी, वाटीवर ताट आणि ताटात जाळीसह केक ठेवला की त्या पोचत नाहीत.

कॅरामल

कॅरामल म्हणजे साखर तापवून, तिचे कण मोडून, रंग आणि किंचित कडसरपणा येईपर्यंत नेलेला पाक. १६० अंशांच्या पुढे हा बदल सुरू होतो. उकळत्या पाण्यापेक्षा तो पुष्कळ जास्त तापलेला असतो आणि कातडीला चिकटून बसतो, म्हणून या वेळी लहान मुले ओट्याजवळ नसावीत, बोटाने चव घेऊ नये, आणि शेजारी गार पाण्याचे भांडे भरून ठेवावे. भांडे खोल, जाड बुडाचे आणि आतून चकचकीत स्टीलचे असावे. काळ्या नॉनस्टिकमध्ये रंग दिसत नाही, आणि इथे सगळा निर्णय रंगावरच घ्यायचा असतो. क्रीम आधी कोमट करून आणि बटरचे तुकडे करून हाताशी ठेवावेत, कारण नंतर ते शोधायला वेळ मिळत नाही.

साखर, पाणी आणि लिंबाचा रस भांड्यात घेऊन मध्यम आचेवर ठेवावे. साखर विरघळेपर्यंत ढवळले तरी चालते, उकळी आल्यावर मात्र चमचा अजिबात घालू नये. कडेला चिकटलेला एखादा कण पाकात पडला तर त्याच्याभोवती बाकीची साखर पुन्हा कण धरते आणि सगळा पाक पांढरा, रवाळ होऊन बसतो. लिंबातल्या आम्लाने साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये मोडतो आणि ही शक्यता कमी होते. तरीही कडेला कण दिसले तर ओल्या ब्रशने ते खाली पुसावेत. पाक रवाळ झालाच तर थोडे पाणी घालून पुन्हा विरघळवावा.

पहिली पाच-सहा मिनिटे काहीच होत नाही असे वाटते. मोठे, पाण्यासारखे बुडबुडे येत राहतात. मग पाणी उडून जाते, बुडबुडे लहान आणि संथ होतात, आवाज मंदावतो, आणि भांड्याच्या एका कडेला पिवळसर छटा दिसते. इथून नजर हलवू नये. भांडे दोन्ही हातांनी धरून हलकेच गोल फिरवावे, म्हणजे रंग सगळीकडे सारखा येतो. पिवळा रंग सोनेरी होतो, सोनेरी तांबूस होतो, आणि तो कोऱ्या चहासारखा झाला, पृष्ठभागावरून धुराची पहिली बारीक रेघ उठली की लगेच गॅस बंद करावा. सोनेरी रंगावर थांबले तर कॅरामल नुसते गोड लागते. थोडा कडसरपणा आल्याशिवाय त्याची चव सफरचंदासमोर उभी राहत नाही. काळपट झाले आणि डोळ्यांना झोंबणारा वास आला तर ते जळले. ते टाकून नव्याने करावे.

गॅस बंद केल्यावर बटर घालावे आणि लांब दांड्याच्या चमच्याने ढवळावे, मग कोमट क्रीम थोडे थोडे ओतावे. मिश्रण जोरात फसफसून वर येते, वाफेचा झोत उठतो, म्हणून तोंड आणि हात दूर ठेवावेत. काही गुठळ्या झाल्या तर मंद आचेवर दोन मिनिटे ढवळले की विरघळतात. बाजारातले नेहमीचे बटर खारे असते, त्यामुळे वेगळे मीठ लागत नाही. बिनमिठाचे असेल तर चिमूटभर घालावे. क्रीमऐवजी नारळाच्या पहिल्या रसाचा वर येणारा जाड थरही चालतो. रस फ्रिजमध्ये तासभर ठेवला की तो थर वेगळा होतो. त्याची चव कॅरामलला छान लागते, फक्त पातळ रस त्यात जाऊ देऊ नये.

दाटपणा पाहण्यासाठी फ्रीझरमध्ये ठेवलेल्या स्टीलच्या ताटलीवर एक थेंब टाकावा आणि अर्ध्या मिनिटाने ताटली तिरकी करावी. थेंब संथपणे सरकला आणि गार झाल्यावर बोट फिरवलेली रेघ तशीच राहिली तर ते बरोबर आहे. लगेच वाहून गेला तर कॅरामल मंद आचेवर आणखी दोन मिनिटे ठेवावे. गार होताना ते आणखी दाट होतेच, हे लक्षात ठेवून जरा पातळ असतानाच थांबावे.

केक आणि कॅरामल यांची गाठ घालण्याची वेळ महत्त्वाची आहे. केक पूर्ण गार आणि कॅरामल कोमट हवे. केक गरम असेल तर कॅरामल पातळ होऊन ओघळते, आणि कॅरामल फार गरम असेल तर ते केकमध्ये जिरते. मध्यभागी ओतून चमच्याच्या पाठीने कडेपर्यंत न्यावे, एक-दोन ओघळ खाली गेले तर जाऊ द्यावेत. काजू कढईत कोरडे भाजून, भरड चिरून लगेच वर पसरावेत. वेंगुर्ल्याकडचा ताजा काजूगर असेल तर मीठ लावलेल्या पाकिटातल्या काजूची गरज नाही. काही पाककृतींत साखरेच्या कडक काचेसारखे तुकडे सजावटीला सांगितलेले असतात. निदान जून ते सप्टेंबर ते करू नयेत, कारण कडक साखर हवेतला ओलावा ओढते आणि पाहुणे येईपर्यंत चिकट होऊन जाते. क्रीमच्या कॅरामलला तो धोका फारसा नसतो.

साठवण

ज्या दिवशी खायचा त्याच दिवशी कॅरामल ओतणे उत्तम. नुसता केक पावसाळ्यात बाहेर एक दिवसापेक्षा जास्त ठेवू नये, कारण फळामुळे त्याला लवकर बुरशी येते. हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवला तर तीन-चार दिवस चांगला राहतो. केक आदल्या दिवशी आणि कॅरामल दुसऱ्या दिवशी सकाळी, अशी कामाची विभागणी केली तर पाहुण्यांच्या दिवशी धावपळ होत नाही. कापण्यापूर्वी फ्रिजमधला केक अर्धा तास बाहेर ठेवावा आणि सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून वापरावी. प्रत्येक तुकड्यानंतर ती पुन्हा पुसली नाही तर कॅरामल सुरीबरोबर ओढले जाते. कॅरामल उरले तर कोरड्या काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवावे. दुधाच्या क्रीमचे दहा-बारा दिवस टिकते, नारळाच्या रसाचे मात्र तीन दिवसांत संपवावे. ते घट्ट झाले की बरणी गरम पाण्याच्या भांड्यात दहा मिनिटे उभी ठेवावी.